पांढऱ्या घरातली दारं

नव्वदीच्या दशकाच्या मध्यात नवऱ्याच्या कंपनीने नोएडात कारखाना काढला आणि आम्ही पुण्याहून नोएडात आलो. आमच्या सेक्टरला नुसता नंबर होता. निम्मे प्लॉट रिकामे होते, उरलेल्यांवर विटा आणि रेतीचे ढीग. त्यातल्या एका तयार कोठीचा, म्हणजे बंगल्याचा, वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला. खाली घरमालक आणि त्यांची बायको राहायचे. मालक सरकारी खात्यातून इंजिनीअर म्हणून निवृत्त झालेले. घर त्यांनी रोज समोर उभं राहून बांधून घेतलं होतं. प्लॅस्टरवर दिवसातून तीनदा पाणी आपण स्वतः मारायचो, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं.

"मेरी एक ही शर्त है," ते म्हणाले. "दीवार में कील नहीं ठुकेगी. यहाँ की रेती में दम नहीं है. एक कील ठोको तो मुट्ठीभर पलस्तर नीचे."

"आणि रंग... रंग बदल सकते हैं?" नवऱ्याने विचारलं.

"सफेद है, सफेद रहेगा."

आम्ही माना डोलावल्या. मला तर ते पांढरं घर फार आवडलं होतं. भिंतींना पांढरं डिस्टेंपर, दारांना आणि चौकटींना पांढरा तेलरंग, स्वयंपाकघराचा ओटा पांढऱ्या संगमरवराचा, बाथरूमला पांढऱ्या टाइल्स. पुण्यात आम्ही दोन अंधाऱ्या खोल्यांत राहिलो होतो. इथे सकाळी पडदे सरकवले की डोळे दिपायचे.

खिळ्याशिवाय घर लावायचं म्हणजे काय, ते हळूहळू कळलं. मी बाजारातून चिकटपट्टीचे हुक आणले. ते एप्रिलपर्यंत टिकले. मे महिन्यात दुपारी वीज गेली, कूलर बंद पडला, भिंत तापली आणि लग्नातला फोटो काचेसकट खाली आला. मग मी सगळ्या तसबिरी ट्रंकेवर आणि कपाटावर ओळीने टेकवून ठेवल्या. खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत दोरी बांधून तिच्यावर एक वारली चित्राचं कापड टाकलं. पंख्याच्या वाऱ्याने ते एका बाजूला सरकत जायचं आणि मी रोज नीट करायची. इतकं करूनही आमच्या घरी आलेला माणूस विचारायचा, "आत्ताच शिफ्ट झालात का?"

दुसऱ्या वर्षी वडील गेले आणि मी आईला पुण्याहून घेऊन आले. मी एकुलती एक. दुसरं कोणी नव्हतं. आई मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवण शिकवत होती. येताना तिने भांडीकुंडी शेजारणींना देऊन टाकली, पण शिवणयंत्र आणि कपड्यांची ट्रंक सोडली नाही.

पहिल्याच आठवड्यात ती बाथरूमच्या दाराच्या कडेवर आपटली. कपाळाला टेंगूळ आलं.

"इथे दार आहे होय?" ती म्हणाली. "मला वाटलं भिंतच आहे."

नवीन घर आहे, सवय नाही, असं आम्ही म्हणालो. मग ती चहा कपाबाहेर ओतायला लागली. पांढरा कप, पांढरा ओटा. चहा ओट्यावरून खाली पायावर यायचा तेव्हा तिला कळायचं. वडिलांच्या जाण्याने तिचं लक्ष लागत नाही, असं मी धरून चालले. मी तिला एकदा थोडं रागावलेसुद्धा. "आई, बघून ओत ना," म्हणाले. ती फडकं घेऊन ओटा पुसत राहिली, आणि पुसतानाही चहाचा एक ओघळ तसाच ठेवून गेली. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली.

दिल्लीतल्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात दोन दिवस तपासण्या चालल्या. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या, शांत बोलायच्या. काचबिंदू होता, बरीच वर्षं आतल्या आत वाढलेला. उजवा डोळा जवळजवळ गेला होता. डाव्याने नळीतून पाहावं तसं मधलं तेवढं दिसत होतं.

"ऑपरेशन?" मी विचारलं.

"जो जा चुका है, वो वापस नहीं आएगा," त्या म्हणाल्या. "ड्रॉप्स से जो बचा है उसे थोड़ा रोकने की कोशिश करेंगे." मग त्यांनी घराची चौकशी केली. सगळं पांढरं आहे म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. दाराच्या चौकटींना गडद रंग द्या, पायऱ्यांच्या कडेला पट्टा ओढा, पांढऱ्या ओट्यावर काळं काहीतरी घाला. फिक्यावर फिकं यांना वेगळं दिसणार नाही, असं त्या म्हणाल्या.

परतताना आई टॅक्सीत माझा हात धरून बसली होती. "तुझ्या बाबांना हे सांगायला नको लागलं, तेवढं बरं झालं," एवढंच ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी मी खाली गेले. मालक व्हरांड्यात बसले होते. मी सगळं सांगितलं. चौकटींना गडद रंग देते, जाताना पुन्हा पांढरा करून देईन म्हणाले. बाथरूममध्ये धरायला एक दांडा लावायचा आहे, तेही सांगितलं.

"बेटी, मुझे दुख है," ते म्हणाले. "लेकिन गहरा रंग दो कोट के नीचे से भी झाँकता है. और टाइल में ड्रिल करोगी तो चटकेगी. वो टाइल अब मिलती भी नहीं."

"अंकलजी, माँ गिर जाएगी."

"तो उन्हें अकेला मत छोड़ो."

त्यांची बायको आतून ऐकत होती. मी निघाले तेव्हा ती जिन्यापर्यंत आली. "इनका मकान इनकी जान है," ती हळू आवाजात म्हणाली, जणू त्यांच्या वतीने माफी मागत होती. दुसऱ्या दिवशी मालकांनी जिन्यातला बल्ब काढून जास्त उजेडाचा लावला. त्यांना जमत होतं तेवढं त्यांनी केलं होतं, पण माझ्या ते काही कामाचं नव्हतं.

नवरा म्हणाला, दुसरं घर बघू. चार रविवार आम्ही सेक्टरामागून सेक्टर हिंडलो. प्रत्येक घर पांढरं होतं आणि प्रत्येक मालकाला भिंतींची काळजी होती. दिवसा आईला एकटीला सोडावं लागत होतं. इथे मिळालेली नोकरी सोडायची माझी तयारी नव्हती, आणि रजा तर संपलेली होती.

शेवटी तोड आईनेच काढली. एका शनिवारी तिने मला ट्रंक उघडायला लावली. आत तिच्या इरकली साड्या होत्या, खणाचे तुकडे होते, शाळेतल्या प्रदर्शनातली उरलेली कापडं होती. एकेक तिने मांडीवर घेतलं, बोटांनी चाचपलं, डाव्या डोळ्याजवळ नेलं.

"भिंतीला हात लावायचा नाही ना?" ती म्हणाली. "नको लावू. दाराला कपडे शिवू."

"दाराला?"

"का? मुलींना झबली शिवतो, तसं दाराला."

तिने चौकटी वितीने मोजल्या. मी तिला धरून उभी राहिले आणि ती वीत-वीत मोजत वर गेली, हात पुरेना तेव्हा मी स्टुलावर चढले. बांधकामावरून नवऱ्याने बांबूच्या काठ्या आणल्या. त्या चौकटीत घट्ट बसतील एवढ्या कापल्या आणि टोकांना जुन्या स्लिपरांच्या टाचा कापून लावल्या, म्हणजे रंगाला ओरखडा पडू नये. काठीवरून दोन्ही बाजूंना वीतभर रुंद पट्ट्या सोडायच्या. त्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून खालच्या दुमडीत रेती भरायची, पण पट्टी जमिनीपासून चार बोटं वर ठेवायची, पाय अडकता कामा नये. दाराच्या फळीला वरून सरकवायचा अभ्रा आणि त्याची नाडी कडीला बांधायची. हे सगळं आईने बसल्या जागी डोक्यात बेतलं. वर्गात उभी असावी तशी ती बोलत होती. मी वाकडा धावदोरा घातला की बोट फिरवून ओळखायची आणि म्हणायची, "उसव."

स्वयंपाकघराला तिने हिरवी इरकल दिली. बाथरूमला लाल खण. बाल्कनीच्या दाराला काळं कापड आणि त्यावर पिवळा काठ, कारण तिथे कठडा बुटका होता. ओट्यावर चहा ओतायच्या जागी जांभळ्या इरकलीचा चौकोन. बाथरूममधल्या दांड्याचं मात्र काही जमलं नाही. तिथे आम्ही एक जड लाकडी खुर्ची ठेवली.

दोन आठवड्यांत घर ओळखू येईना. नवऱ्याला प्रत्येक दारातून वाकून जावं लागे. ऑफिसातली मराठी मंडळी हळदीकुंकवाला आली तेव्हा एकीने विचारलं, "काही कार्य आहे का घरात?" मालकिणीने वर येऊन सगळी दारं पाहिली, काठीच्या टोकाचं रबर दाबून पाहिलं, आणि हसली. "शादी वाला घर लगता है," म्हणाली. मालकही दारापर्यंत आले. त्यांनी कापडांकडे पाहिलं नाही. भिंतींकडे पाहिलं आणि खाली गेले.

तो हिवाळा बरा गेला. बाहेर दहा-दहा दिवस धुक्यात समोरची कोठी दिसायची नाही, पण आत आई लाल दाराकडून हिरव्या दाराकडे एकटी जायची. चहा कपात पडायचा. दुपारी ती मशीनवर बसून शेजारणीच्या लेकीचे फ्रॉकसुद्धा शिवायची, सुईत दोरा मी सकाळी ओवून ठेवलेला असायचा. मी ऑफिसातून दोनदा फोन करायची. "मी बरी आहे, तू तुझं काम कर," असं म्हणून ती ठेवून द्यायची.

उन्हाळ्यात मला वाटलं, ती पुन्हा चाचपडते आहे. मी रंग भडक केले. हिरव्यावर पिवळी पट्टी लावली, लालवर जुन्या शालूची जर. रोज विचारायची, "आता दिसतंय?"

"दिसतंय की," ती म्हणायची. "जरीने तर फारच उठाव आलाय."

मी आणखी शिवत गेले. ऑफिसातून आल्यावर, रविवारी, सुट्टीच्या दिवशी. दिल्लीच्या बाजारात गडद कापड दिसलं की घ्यायची. डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो की त्या थेंब बदलून द्यायच्या. त्यांना काय म्हणायचं आहे ते मला कळत होतं, पण मी विचारत नव्हते.

पावसाळ्यात कापडांना कुबट वास यायला लागला. ऊन पडलं तशी एका सकाळी मी सगळी उतरवली, धुतली, गच्चीवर वाळवली आणि ऑफिसला उशीर होत होता म्हणून घाईघाईत परत चढवली. चढवताना चूक झाली. लाल खण स्वयंपाकघराला गेला आणि हिरवी इरकल बाथरूमला. माझ्या लक्षात आलं तेव्हा मी चपला घालत होते. आई हॉलमध्ये खुर्चीत बसली होती, तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे.

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "हिरवा रंग छान निघाला गं धुतल्यावर."

तिच्या समोर लाल कापड होतं, जरीसकट. सकाळचं ऊन थेट त्याच्यावर पडलेलं.

मी तशीच उभी राहिले. "हो," म्हणाले. ऑफिसला गेले नाही. पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि आतल्या खोलीत जाऊन बसले.

दुपारी ती चहाला उठली. मी दारातून पाहत होते. ती सरळ गेली, एक हात भिंतीवर, आणि दाराशी पोचल्यावर सवयीने पट्टीला हात लावला. बोटं थांबली. खणाची वीण वेगळी असते, ती तिला न कळणं शक्यच नव्हतं. तिने कापड दोन बोटांत धरून चोळलं.

"हा खण आहे," ती म्हणाली. "बाथरूमचा. इथे कसा?"

"सकाळी चुकून लागला."

ती तशीच पाठमोरी उभी राहिली. मग म्हणाली, "कधीपासून दिसत नाही ते मलाही नीट सांगता यायचं नाही. होळीपर्यंत लाल कळत होता."

"मग सांगितलं का नाहीस, आई?"

"तू एवढं शिवत होतीस," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ गेले. मी कप घेतला, तर तिने तो माझ्या हातातून काढून घेतला. तिनेच चहा केला. कपाच्या आत कडेला बोट लावून, बोटाला गरम लागेपर्यंत ओतला. ती असाच चहा ओतत आली असणार, कितीतरी दिवस, आणि मी जांभळ्या चौकोनाचं कौतुक करत होते.

त्या दिवसानंतर आम्ही रंगांबद्दल बोललो नाही. कापडं काढावीत असं मला वाटे, पण आई त्यांना हात लावून खोली ओळखत होती, म्हणून राहू दिली. शालूची जर मात्र मी उसवली. ती तिच्या बोटांना टोचत होती.

ऑक्टोबरात मालक वर आले. धाकट्या मुलाचं लग्न ठरलं होतं. वरचा मजला त्याच्यासाठी हवा होता. ते आईसमोर बसले आणि तिच्याशी खूप आदराने बोलले, माताजी, माताजी म्हणत. तिने त्यांना लाडू दिले आणि मुलाला आशीर्वाद सांगितला. ते गेल्यावर मी नवऱ्याला म्हणाले, "तिला हे घर आत्ता कुठे पाठ झालंय."

"माहीत आहे गं," तो म्हणाला. "पण सांगून काय उपयोग? घर त्यांचं आहे."

तरी मी खाली गेलेच. उन्हाळ्यापर्यंत राहू द्या म्हटलं. मालकिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. मालकांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "बहू आ रही है, बेटी. मैं क्या करूँ?" त्यांचंही चुकत नव्हतं. मला कोणावर रागावताही येईना.

सोडायच्या दिवशी मालक प्रत्येक खोलीतून फिरले. कापडं उतरवून पेटीत भरली होती. भिंती, चौकटी, टाइल्स, सगळं त्यांनी हात फिरवून पाहिलं. "एक कील नहीं," ते दोनदा म्हणाले. मग ते बोळात थांबले. हॉलपासून बाथरूमपर्यंतच्या भिंतीवर, कमरेच्या उंचीला, एक लांब मळकट पट्टा उमटला होता. आईचा हात दीड वर्षं रोज तिथून जात होता. मी आदल्या दिवशी ओल्या फडक्याने पुसायला गेले होते, तर डिस्टेंपरच निघायला लागलं आणि मधे एक डाग जास्तच विद्रूप झाला.

"यह क्या है?" त्यांनी विचारलं.

"माँ का हाथ," मी म्हणाले. "मैं पुताई करवा देती हूँ."

त्यांनी वळून पाहिलं. आई हॉलमध्ये सामानाच्या खोक्यांमध्ये उभी होती, कोणीतरी येऊन हात धरेल याची वाट पाहत. "रहने दो," ते म्हणाले. "शादी से पहले तो पुताई होनी ही है." आणि किल्ल्या मोजून घेतल्या.

नवीन घर पलीकडच्या सेक्टरमधल्या एका उंच सोसायटीत होतं, पाचव्या मजल्यावर. मालक परदेशात राहणारे. त्यांनी फोनवर सांगितलं, घर अपना समझिए, जो लगाना है लगाइए. नवऱ्याने पहिल्याच दिवशी बाथरूममध्ये दांडा बसवून घेतला. आई तो धरायची, त्यामुळे पडायची भीती गेली, पण घर तिला सापडेना. इथे दारं दुसऱ्या बाजूला होती, बोळ नव्हता, हॉल मोठा आणि मधे धरायला काही नाही. मी जुनी कापडं पेटीतून काढून दारांना लावली. कापड हाताला लागेपर्यंत आई भलतीकडेच गेलेली असायची, कधी बाल्कनीच्या काचेपाशी, कधी कपाटासमोर. तिथे ती उभी राहायची आणि मला हाक मारायची नाही. मी येईपर्यंत थांबायची.

पहिल्या रविवारी मी तिचा हात धरून तिला सगळं घर दाखवलं. खुर्चीपासून बाथरूम अकरा पावलं, तिथून उजवीकडे स्वयंपाकघर सहा, पलंगापासून दार चार. ती माझ्यामागून आकडे म्हणत होती, लहान मुलीसारखी, मोठ्याने. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला मी हात सोडला आणि म्हणाले, "आता तू जा, मी मागे आहे."

ती पाच पावलं चालली आणि थांबली. डोकं थोडं वर करून उभी राहिली. मला वाटलं, तिला आठवेल.

"राहू दे आज," ती म्हणाली. "उद्या परत दाखव."

मी तिला खुर्चीत बसवलं आणि चहा टाकायला गेले.